लाल डोक्याची खुंटी

प्रिय घार,

तुला या नावानं हाक मारणारी आता मी एकटीच उरले असेन. दुकानात तुला सगळे ताई म्हणतात, घरी आई म्हणतात, आणि भावोजी काय म्हणतात ते मी एकदा चुकून ऐकलं होतं, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. मला मात्र तू घारच, आणि मी तुझी भोंगा.

पत्र कशाला, फोन काय मोडलाय का, असं तू पाकीट फोडता फोडताच म्हणशील. फोन धड आहे. पण फोनवर मी काही गंभीर बोलायला लागले की तू ‘जाऊ दे गं’ म्हणतेस आणि मी लगेच जाऊ देते. ही गोष्ट मला जाऊ द्यायची नाही. पंचवीस वर्षं जाऊ दिली, तेवढी पुरे झाली. तेव्हा आधीच सांगून ठेवते, या पत्रात एक कबुली आहे. मोजणीच्या शिबिराच्या शेवटच्या दिवशी जे झालं, त्याबद्दल तुला आजवर जे वाटत आलंय ते खरं नाही. खरं काय ते कळल्यावर तू माझ्याशी बोलणं सोडलंस तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. म्हणून ते पहिल्याच पानावर सांगत नाही. थोडा वेळ तुझ्याशी जुन्यासारखं बोलून घेते. हा माझा स्वार्थ आहे, तेवढा मला करू दे.

निमित्त आपल्या व्हिडिओचं. पुढच्या महिन्यात आपल्या वर्गाला पंचवीस वर्षं होतात म्हणून सगळे भेटणार आहेत, हे डुलकीनं तुला कळवलंच असेल. जो माणूस तीन वर्षं शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून झोपला, तो आता सकाळी सहाला फोन करून लोकांना उठवत सुटलाय. त्याचं म्हणणं, कार्यक्रमात आपलं गाणं दाखवायचंच. कॅसेट माझ्याकडे होती, माळ्यावर, जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांखाली. नवऱ्यानं ती कुठूनशी संगणकावर उतरवून आणली. रविवारी दुपारी आम्ही दोघं चहा घेऊन बसलो आणि पडद्यावर तू आलीस. एकवीस वर्षांची, कोळशाच्या मिशा काढलेली, डोक्यावर सरांच्यासारखी गोल टोपी. मी इतकी हसले की बशीत चहा सांडला. मग थोडी रडले. नवरा म्हणाला, काय ते एक ठरव, म्हणजे मला कळेल रुमाल आणू की फडकं.

ते मूळ गाणं आठवतं ना तुला? त्या वर्षी त्यानं नुसता उच्छाद मांडला होता. बसमध्ये तेच, सलूनमध्ये तेच, वसतिगृहाच्या न्हाणीघरात तर सकाळपासून रांगेनं तेच. धुक्यात एक देखणा नायक मफलर उडवत झाडांना मिठ्या मारतो आणि गेलेल्या प्रेयसीला विचारतो, तू का गेलीस. तू मोजलं होतंस, साडेचार मिनिटांत तो अकरा वेळा रडतो आणि एकदाही नाक पुसत नाही. आपण त्याचं विडंबन करायचं ठरवलं तेव्हा प्रेयसी कोण, हा प्रश्नच आला नाही. शिबिराच्या त्या पंधरा दिवसांत आपल्याला खरोखर रडवणारा एकच जण होता, लेव्हलच्या यंत्रातला बुडबुडा.

नवऱ्याला काही कळेना. मोजणीच्या यंत्रावर प्रेमगीत कोण लिहितं, असं तो विचारत बसला. मग मी त्याला सगळं मुळापासून सांगितलं, आणि सांगता सांगता मलाच पुन्हा दिसायला लागलं. ती टेकडी, पायथ्याची बंद पडलेली शाळा, तिच्या भूगोलाच्या खोलीत आपल्या दोघींच्या सतरंज्या आणि भिंतीवर अर्धा फाटलेला जगाचा नकाशा. वर्गात चाळीस मुलगे आणि आपण दोघी. काम म्हटलं तर सोपं होतं. शाळेच्या पायरीपाशी एक दगड पुरलेला, त्याची उंची ठाऊक. तिथून निघायचं, टेकडीला वळसा घालत जमिनीचे चढ-उतार मोजत जायचं आणि फिरून त्याच दगडाशी यायचं. तिपाईवर यंत्र, त्याच्या दुर्बिणीतून तू बघणार. समोर मी ती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची उंच मोजपट्टी उभी धरणार. तू आकडा वाचणार, डुलकी वहीत लिहिणार. दगडाशी परत आल्यावर सगळे चढ आणि सगळे उतार एकमेकांतून वजा केले की शून्य यायला हवं. जमीन खोटं बोलत नाही, असं सर म्हणायचे. शून्य आलं नाही तर चूक माणसाची.

सर दर दहा मिनिटांनी मागून यायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, ‘बुडबुडा मध्ये आहे का?’ म्हणून त्यांचंच नाव बुडबुडा पडलं. यंत्र सपाट बसलंय की नाही ते त्या काचेतल्या बुडबुड्यावरून कळायचं, आणि त्याला मध्यावर आणता आणता आपली वाट लागायची. त्यावर तू मफलर गुंडाळून, झाडाऐवजी तिपाईला मिठी मारून गातेस, म्हणजे ओठ हलवतेस, आवाज माझाच, भोंग्यासारखा:

बुडबुड्या, तू मध्ये ये ना, किती फिरवू स्क्रू,
इकडून तुला आणला की तिकडून पळतोस तू.

हे माझं. दुसरं कडवं तुझं होतं आणि ते जास्त चांगलं होतं, हे मी तेव्हा कबूल केलं नव्हतं. त्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं, मी तर तीन वर्षं तुला डोक्यावर उभी असलेलीच दिसले:

दुर्बिणीतून दिसलास पहिल्यांदा, उलटा टांगलेला,
पाय वर अन् डोकं खाली, तरी वाटलास चांगला.

नवऱ्यानं हे कडवं दोनदा लावून ऐकलं. म्हणाला, संसाराचं वर्णन आहे.

आणि तो नाच. टेकडीवर वारा इतका की माझासुद्धा आवाज पोचायचा नाही, म्हणून हातांच्या खुणांनी बोलायचं. उजवा हात बाजूला, म्हणजे पट्टी उजवीकडे कलव. डावा हात, डावीकडे. दोन्ही हात डोक्यावर, म्हणजे वाचन झालं, पुढे चल. त्या खुणांचाच नाच बसवायचा, हे तुझं डोकं. मूळ गाण्यात नायक मिठीसाठी हात पसरतो तिथे तू ‘उजवीकडे कलव’ करतेस आणि मी समोर पट्टीसकट कलत कलत पार गवतात आडवी होते. कॅमेरा माझ्या मावसभावाचा, धरलाय डुलकीनं, आणि तो हसतोय म्हणून टेकडी हलतेय. घार, आपण किती आनंदात होतो गं. आपण तिघंही कामाला वाघ होतो, म्हणून तर मस्ती करायला धजावलो.

तुझी नजर ही काय चीज होती, ते आता कुणाला सांगून पटणार नाही. बाकीचे डोळे मिचकावून, पुन्हा पुन्हा बघून जो आकडा सांगायचे तो तू यंत्राला डोळा लावल्या लावल्या सांगायचीस, मिलिमीटरपर्यंत. वर्गात भांडण झालं की सर म्हणायचे, घारीला विचारा. वसतिगृहाच्या बाईंच्या खोलीतलं घड्याळ डावीकडे कललंय हे तू दारातून सांगितलंस आणि बाईंनी ओळंबा लावून बघितला, तेव्हापासून त्या तुला थोड्या घाबरून होत्या. सरांचा एक मित्र नदीवरच्या मोठ्या पुलाचं काम बघत होता आणि परीक्षेनंतर त्याला आपल्या वर्गातला एकच जण हवा होता. तो एकच जण कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तू तर त्या कामासाठी बूटही घेऊन ठेवले होतेस, एक माप मोठे, आत जाड मोजे घालता यावेत म्हणून.

आता सांगते. चहा करून आले, पुन्हा बसले, आता पळून जायला काही उरलं नाही.

शेवटच्या दिवशी आपलं दोन-तीन तासांचंच काम उरलं होतं. टेकडीच्या मागच्या उतारावर आपण जेवणाची सुटी केली. सुटीआधीचं शेवटचं वाचन तू घेतलंस ते एका लाकडी खुंटीवर, जिचं डोकं मी सकाळीच लाल रंगवलं होतं. सुटीनंतर यंत्र पुढे नेऊन पहिलं वाचनही त्याच खुंटीवर घ्यायचं होतं. म्हणजे मधल्या वेळात जग इकडचं तिकडे झालं तरी चालेल, ती खुंटी केसभरही हलता कामा नये. पट्टी धरणाऱ्याची सगळ्यात मोठी जबाबदारी ती असते. पट्टी मी धरत होते. खुंटी माझी होती.

डबे संपवून आपण चित्रीकरणाला लागलो, कारण उजेड चांगला होता आणि संध्याकाळी ट्रक न्यायला येणार होता. मला शेवटच्या कडव्यावर गिरकी घ्यायची होती. दर वेळी माझा पाय त्या खुंटीत अडकायचा. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. तिसऱ्यांदा मी तोंडावर पडले तेव्हा हसून हसून तुझ्या डोळ्यांतलं पाणी मिशांवर आलं आणि मिशा गालभर पसरल्या. तू त्या पुन्हा काढायला ओढ्यावर गेलीस. डुलकी झाडाला टेकून नावाला जागत होता. आणि मी वाकले, खुंटी दोन्ही हातांनी हलवली, उपटली आणि बाजूला टाकली. मग डुलकीला उठवून माझी गिरकी काढून घेतली. अगं, माझ्या मनात काही म्हणजे काही नव्हतं, फक्त गिरकी नीट यावी एवढंच होतं. झकास आली. नंतर खुंटी परत लावायला गेले तर माझ्याच पायांनी तुडवलेलं भोक सापडेना. वीतभर बाजूला दगडानं ठोकली, आधी जेवढी वर होती तेवढी दिसेपर्यंत. अंदाज डोळ्यांनीच घेतला, आणि डोळे माझे. तू मिशा काढून आलीस तेव्हा मी कपडे झटकत होते. तू यंत्र लावलंस, बुडबुडा मध्ये आणलास आणि त्या खुंटीवरचं वाचन बिनचूक घेतलंस.

संध्याकाळी दगडाशी पोचलो. डुलकीनं बेरजा केल्या, वजाबाक्या केल्या आणि वही सरांपुढे धरली. शून्याऐवजी बासष्ट मिलिमीटर. सरांनी पायरीवर बसून वही तपासली. हिशेबात चूक नव्हती. मग त्यांनी चष्म्यावरून आपल्या तिघांकडे बघून विचारलं, ‘मध्ये कुठे खुंटी हलली का?’ नाही म्हणून सगळ्यात आधी मान मी हलवली. मला त्या क्षणी कळलेलं होतं. नंतर कळलं असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले, पण ते खोटं आहे. सर तुझ्याकडे वळून हळूच म्हणाले, उलट्या चित्रात आकडा चुकतो कधी कधी, होतं असं, पण पुलावर असं होऊन चालत नाही. त्यावर तू भांडली नाहीस, वही मागितली नाहीस. ‘माझंच चुकलं असेल, सर,’ एवढंच म्हणालीस. तुझ्या मिशा तशाच होत्या. त्या पुसायचंही तुला सुचलं नव्हतं.

फेरी पुन्हा करायला वेळ नव्हता, ट्रक फाटकात उभा होता. मी ठरवलं, उद्या सांगू. उद्या वाटलं, कॅसेट जप्त होईल, परवा सांगू. मग परीक्षा आली. मग पुलाच्या कामासाठी सरांनी माझं नाव दिलं. आवाज आहे, माणसं सांभाळेल, असं कारण सांगितलं म्हणे. त्या संध्याकाळी तू माझ्या खोलीवर आलीस आणि ते बूट माझ्यापुढे ठेवलेस. तुला एक माप मोठे होते ते, मला बरोबर बसले. तेव्हा तरी बोलायचं. मी तुला मिठी मारून रडले, आणि तुला वाटलं की मी तुझ्यासाठी रडतेय. ते बूट घालून मी दोन वर्षं त्या पुलावर चालले आणि त्या पुलावरूनच माझं पुढचं सगळं झालं, पाणीपुरवठ्याची नोकरी, हुद्दा, हे घर. लोक म्हणतात स्वतःच्या हिमतीवर वर आली. मी ऐकून घेते.

निरोपसमारंभात गाणं दाखवलं तेव्हा सर डोळे पुसत हसले आणि पुन्हा लावा म्हणाले. सगळं सभागृह बाकं वाजवत होतं. मग मागून कुणीतरी ओरडलं, ‘घारीला म्हणावं चष्मा लाव, बासष्ट.’ सगळे हसले. तू हसलीस. मीही हसले, तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसून. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लाजिरवाणं कुठलं असं मला कुणी विचारलं, तर मी खुंटी सांगणार नाही, ते हसणं सांगेन.

तू पास झालीस, प्रमाणपत्र कपाटात ठेवलंस आणि काकूंच्या पडद्यांच्या दुकानात जाऊन बसलीस. मी विचारलं की म्हणायचीस, कापड बरं, दोन बोटं जास्त सोडली की चूक झाकते. मी ते हसण्यावारी न्यायचे, ते मला सोयीचं होतं. चार वर्षांपूर्वी आमच्या नव्या घराच्या पडद्यांची मापं घ्यायला तू आलीस, तो दिवस तुला साधा वाटला असेल. पुढच्या खोलीची खिडकी तू मोजलीस. पुन्हा मोजलीस. तिसऱ्यांदा मोजलीस, आणि मग टेप माझ्या हातात देऊन म्हणालीस, ‘तू एकदा बघ गं, माझा भरवसा नाही.’ घार, तू. मी मोजलं. तुझं माप बरोबर होतं, तिन्ही वेळा. तू घरी गेल्यावर मी त्या रिकाम्या खिडकीसमोर बसून राहिले. तोवर माझी समजूत होती की मी तुझी एक नोकरी घेतली. मी नक्की काय घेतलं ते त्या दिवशी कळलं, आणि तरीही मी बोलले नाही. त्याला आता कुठलं कारण देऊ?

आता गेल्या रविवारचं. माझा नवरा दिवसभर दातांचे साचे बनवतो, दोन दातांमध्ये केस जाईल एवढी फट असली तरी त्याला झोप येत नाही. दुसऱ्यांदा गाणं बघताना त्यानं मध्येच थांबवलं आणि म्हणाला, ही लाल डोक्याची खुंटी जागा बदलते बघ. खरंच, घार, सुरुवातीला तू पट्टी जमिनीवर टेकवून तिला रेलून उभी आहेस आणि खुंटी तुझ्या बुटाशी आहे. माझ्या गिरकीत ती नाहीच. आणि अगदी शेवटी, जिथे डुलकी कॅमेरा बंद करायला विसरलाय, तिथे तू मिशांसकट खरंखुरं वाचन घेतेस, दोन्ही हात वर करतेस, आणि मी पट्टी खुंटीवरून उतरवून शेजारी जमिनीवर टेकवते. तिथे खुंटी भलतीकडेच आहे. एवढी वर्षं शंभर-दीडशे माणसं हे बघून हसली आणि कुणाला दिसलं नाही. नवरा म्हणाला, हलगर्जीपणा आहे दिग्दर्शकाचा. तो थट्टा करत होता. मी त्याला सगळं सांगितलं. ऐकून तो गंभीर झाला, मग उठून पडद्याजवळ गेला आणि दोन्ही चित्रांत खुंटीशेजारच्या पट्टीवरचे काळे-पांढरे पट्टे मोजायला लागला. आधी खुंटीचं डोकं जमिनीपासून बारा पट्टे वर आहे. नंतर सहा. पट्टा एक सेंटिमीटरचा. साठ झाले. वरचे दोन मिलिमीटर म्हणजे वीतभर बाजूची जमीन, किंवा चित्राचा धूसरपणा. त्या दिवशी तू एकतीस वाचनं घेतलीस. एकतीसच्या एकतीस बरोबर होती.

गुरुवारी मी सरांकडे गेले. वाटलं, आधी त्यांना सांगावं म्हणजे तुला सांगायचं बळ येईल. ते आता खूप थकलेत, खिडकीशी खुर्ची टाकून बसतात, पण डोकं लखलखीत आहे. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील, रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, ‘माझ्याकडे कशाला आलीस? नजर काय माझी गेली?’ मी उठले. दारापर्यंत आले तेव्हा मागून म्हणाले, ‘त्या दिवशी निदान ती एक खुंटी मी पुन्हा तपासायला हवी होती, ते मी केलं नाही, तिला हेही सांग.’ सांगितलं.

आणि हे सगळं याच आठवड्यात का, तेही ऐक. मंगळवारी तू फोनवर सहज, हसत हसत सांगितलंस की लेकीला आपलंच शिक्षण घ्यायचंय, आपल्याच कॉलेजात, मोजणीचं वेड लागलंय तिला, घरातल्या फरशांचे उतार सांगत फिरते. आणि तू तिला नाही म्हणालीस. का, तर ‘आपल्या घराण्यात नजरच नाही गं, पोरीचं पुढे हसं व्हायला नको.’ ती दोन दिवस जेवली नाही, हेही तू हसतच सांगितलंस. मी नेहमीसारखी काहीतरी बडबडले आणि फोन ठेवला. तुझ्यापुरतं होतं तोवर मी निर्लज्जासारखी जगले, पण आता ते तुझ्या लेकीच्या ताटात जाऊन पडतंय. म्हणून लिहिलं. सोबत ती दोन चित्रं छापून ठेवली आहेत, दोन्हींत पट्टी स्पष्ट दिसते. हे पत्र तिला वाचायला दे, आणि मावशीचं नाव झाकू नकोस. तिला सांग की तिच्या आईची नजर कधीच चुकली नव्हती, एका मैत्रिणीनं तोंड उघडलं नाही म्हणून ती चुकल्यासारखी झाली. कार्यक्रमात गाण्याआधी मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी. माफी मागायला तुझ्या दारात येईन, तू बोलावशील तेव्हा, नाही बोलावलंस तर तेही बरोबरच. पण आधी तिचा फॉर्म भर, मग माझ्यावर रागाव. रागाला मुदत नसते गं. फॉर्मची पुढच्या शुक्रवारी संपते.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
भोंगा